कोंडा माझा आणि बुंदीचा

पावसाळ्यात आमच्या परळच्या घरात दोघांचं एकदमच सुरू झालं. माझ्या भुवयांतून, नाकाच्या कडेने पिवळट, चिकट खपल्या निघायला लागल्या आणि आमची कॉकर स्पॅनियल बुंदी उठली की सतरंजीवर पांढरा कोंडा. आईने लगेच निकाल दिला, "कुत्र्याला उशाशी घेऊन झोपतोस, दुसरं काय होणार!"

स्किनच्या डॉक्टरांनी आधी तो आरोप खोडला. मला सेबोरिक डर्मटायटिस होता. मॅलसेझिया नावाचं यीस्ट सगळ्यांच्याच त्वचेवर असतं आणि तेलावर पोसतं. काहींची त्वचा त्याला सोसत नाही, इतकंच. त्यामुळे रोज रात्रीचं खोबरेल बंद. मेडिकलवाल्याने पुढे केलेली ट्यूबही बाजूला ठेवायला लावली, कारण तिच्यात स्टिरॉइड होतं. लाली झटकन जाते, थांबवलं की परत येते, आणि चेहऱ्याची त्वचा मात्र पातळ होत जाते. मिळाला तो २ टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू. आठवड्यातून २ वेळा, फेस ५ मिनिटं तसाच ठेवायचा, भुवयांवरसुद्धा. "कायमचा जाणार नाही, आटोक्यात राहील. उतरला की पंधरवड्यातून एकदा लावत राहा."

बुंदीला बैलघोड्याच्या हॉस्पिटलात नेलं. (बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हे खरं नाव, पण टॅक्सीवाल्याला बैलघोडाच सांगावं.) तिथल्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न मला आवडला, "आधी खाज आली की आधी कोंडा?" खाज. मग त्यांनी शेपटीच्या मुळाशी बारीक फणी फिरवली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकले. कणांभोवती तांबूस ओघळ पसरले. पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. काखेला चिकटपट्टी दाबून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिली, तर शेंगदाण्याच्या शेंगांसारख्या पेशी. तेही मॅलसेझियाच, पण पॅकिडर्मॅटिस जातीचं. हे पहिल्यांदा सापडलं ते १९२५ साली, एका भारतीय गेंड्याच्या कातडीवर! माणसांच्या कोंड्यामागची जात निराळी, त्यामुळे उशीही निर्दोष सुटली.

कुत्र्यांत कोंड्यामागे बहुतेक वेळा दुसरंच काही दडलेलं असतं: पिसवा, अ‍ॅलर्जी, थायरॉइड. कॉकरमध्ये उपजतही असतो. ते मूळ शोधल्याशिवाय नुसतं धूत बसण्यात अर्थ नाही, हे मला पूर्ण पटलं.

धुणं चुकत नाहीच म्हणा. क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोलचा शाम्पू, अंगावर १० मिनिटं. माझा शाम्पू तिला चालत नाही, कुत्र्याची त्वचा आपल्याइतकी आम्लधर्मी नसते. चाळीतल्या मोरीत फेसाळलेलं कुत्रं १० मिनिटं उभं ठेवणं म्हणजे काय ते करून बघा. चौथ्या मिनिटाला अंग झटकते आणि अर्धं औषध भिंतीवर. शेवटी आई दारात पाट टाकून बसली, उकडलेल्या अंड्याचा एकेक तुकडा पुढे करत. त्यावर निभतं. नंतर काखा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या; मुंबईच्या दमट हवेत तिथे आधी वास धरतो.

पिसवांचं औषध दर महिन्याला चालू आहे. कोषांतून नव्या पिसवा आठवडेच्या आठवडे निघत राहतात, म्हणून पलंगाखाली व्हॅक्युमही. तेलावर आईशी तह झालाय: शाम्पूच्या आधी तासभर, आणि तेही फक्त केसांच्या टोकांना.