स्लॅबची परतफेड

उन्हाळ्यात आमच्या घरात एकाच गोष्टीवरून भांडण होतं: खिडक्या उघड्या ठेवायच्या की बंद. आई म्हणते, बंद घरात कोंदतं, जीव घाबरा होतो. मी म्हणतो, बाहेर चाळीस अंश असताना ती हवा हौसेनं आत कशाला घ्यायची? आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, एसी नाही. डोक्यावर थेट गच्ची आणि गच्चीवर दिवसभर ऊन.

शेवटी मी दोन तापमापक आणले, एक आत, एक बाहेरच्या सावलीत. वाद मिटला नाही, फक्त आकड्यांत होऊ लागला. सकाळी आतला आकडा जास्त असतो, दहाच्या सुमारास बाहेरचा त्याला गाठतो. तीच खिडक्या लावायची वेळ. पुन्हा उघडायच्या त्या बाहेरचा आकडा खाली उतरल्यावर, म्हणजे बऱ्यापैकी रात्रीच.

पडद्यांवर मी उगीच पैसे घातले. ऊन काचेतून आत आलं की त्याची बरीचशी उष्णता घरातच राहते, मग पडदा कितीही जाड असो. समोरून पडणारं रखरखीत ऊन चौरस मीटरला जवळजवळ १००० वॅट उष्णता देतं, म्हणजे खिडकीत हीटरच लावल्यासारखं. ते काचेच्या आधीच अडवायला हवं. म्हणून एक जुनी चादर बाहेरून ग्रिलला बांधली. दिसते भयंकर. शेजारच्या काकूंनी दोनदा आठवण केली, ‘वाळली असेल, काढा आता.’

पंखा खोली गार करत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मोटर तापते ती वेगळीच. तो फक्त आपला घाम वाळवतो, पण ते काम लहान नाही: लिटरभर घाम वाळताना अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. रिकाम्या खोलीत मात्र पंखा कोणाचाच घाम वाळवत नसतो. आणि खोलीतली हवाच चाळिशीपार गेली, तर तो गरम वारा अंगावर मारून उलट आपल्यालाच तापवतो.

मग कूलर आणला आणि आई जिंकली. कूलर पाणी वाळवून हवा गार करतो, पण ती ओलसर हवा बाहेर पडायला वाट लागते. खिडकी बंद ठेवली तर तासाभरात खोलीची न्हाणी होते. आई काही बोलली नाही. फक्त उठून खिडकी उघडली. (एसीचा तरी जन्म कुठे माणसांसाठी झाला? १९०२ मध्ये विलिस कॅरिअरनं ते यंत्र आखलं ते एका छापखान्यातला कागद दमटपणानं फुगू नये म्हणून.)

खरा वैरी स्लॅब. दुपारी शोषलेली उष्णता काँक्रीटमधून खाली उतरायला काही तास घेते, त्यामुळे ऊन गेल्यावरही छत तापत राहतं. रात्री दहाला पलंगावर उभं राहून हात लावला तर छत कोमट लागतं आणि त्याच छताखालची हवा पंखा इमानदारीनं आपल्यावर ढकलत असतो. गच्चीला पांढरा रंग दिल्यापासून हे जरा कमी झालं. पूर्वी संध्याकाळी पाणी मारायचो. वास छान यायचा, पण बादल्या वर नेताना जितका घाम निघायचा, त्याचा हिशोब कोणी केला नाही.

परवा रात्री आकडे बघून मी माझ्या खोलीची खिडकी उघडली आणि झोपलो. दोनच्या सुमारास जाग आली तर अंगावरून चक्क वारा जात होता. आईनं उठून समोरची स्वयंपाकघराची खिडकीही उघडली होती. एका बाजूनं आलेल्या वाऱ्याला दुसऱ्या बाजूनं जायला जागा हवी, हे माझ्या तापमापकात कुठेच लिहिलेलं नव्हतं. सकाळी पाहिलं, आतला आकडा रोजच्यापेक्षा दोन अंशांनी कमी. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही.