तुम्ही विचारलंत म्हणून: पेशी नुसती थांबवली, तरी गुणसूत्रं का तुटतात?

गुणसूत्रांच्या तपासणीचं काम करते म्हटल्यावर एक प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या घरात बहुतेकदा कुणाची तरी केमो चालू असते. "ताई, डॉक्टर म्हणाले, हे औषध पेशींचं विभाजन थांबवतं. नुसतं थांबवतं ना? मग त्याने गुणसूत्रं खराब होतात असं का म्हणतात?"

प्रश्न रास्त आहे. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध डीएनएला जाऊन चिकटतं, किरणोपचार डीएनए तोडतात. व्हिन्क्रिस्टीन, पॅक्लिटॅक्सेल, कोल्चिसिन यांचा मात्र डीएनएशी थेट संबंधच नाही. ही औषधं ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाला धरतात. शाळेत पेशीविभाजनाच्या आकृतीत तुर्कतंतू काढले असतील, ते याच प्रथिनाचे बनतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून मिळणारं व्हिन्क्रिस्टीन हे तंतू बनूच देत नाही. पॅक्लिटॅक्सेलचं नेमकं उलटं, ते बनलेले तंतू मोडू देत नाही. हे दुसरं औषध पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून वेगळं करून 1971 साली ज्यांनी त्याची रचना जाहीर केली, त्यांच्यातले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

विभाजनाच्या वेळी गुणसूत्राच्या दोन अर्ध्या भागांना विरुद्ध बाजूंनी तंतू जोडले जातात. सगळी गुणसूत्रं नीट जोडली गेल्याशिवाय पेशी पुढचं पाऊल टाकत नाही. तंतूच बिघडवले की ती मध्यावस्थेच्या अलीकडे अडकून पडते.

आमचं रोजचं काम याच अडकण्यावर चालतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तीन दिवस वाढवायच्या आणि शेवटी थोडा वेळ कोलसेमिड हे कोल्चिसिनसारखंच रसायन घालायचं, म्हणजे गुणसूत्रं दाट आणि सुटी दिसतात. माणसात 46 गुणसूत्रं असतात हे 1956 मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे त्यो आणि लेवान या शास्त्रज्ञांनी दाखवलं, तेही कोल्चिसिनने पेशी थांबवूनच. त्याआधी सगळे 48 धरून चालले होते. कोलसेमिड जास्त वेळ राहिलं, तर गुणसूत्रं आखूड आणि जाड होत जातात आणि त्यांच्यावरचे पट्टे वाचता येत नाहीत. काचपट्टीवर एवढंच दिसतं. आतली मोडतोड बघायला वेगळ्या चाचण्या लागतात.

ती मोडतोड होते कशी? निरोगी पेशीचं विभाजन साधारण तासाभरात उरकतं. तेवढ्या वेळापुरती पेशी बरीच कामं बंद ठेवते. जनुकं वाचून नवी प्रथिनं बनवणं जवळपास थांबतं, डीएनएचे दोन्ही धागे तुटले तर ते सांधणारी यंत्रणाही दाबून ठेवलेली असते. तासाभरासाठी हे चालून जातं. औषधाने पेशी दहा-वीस तास तशीच अडकली, की हिशेब बिघडतो. पेशीला आत्महत्येपासून रोखणारं एमसीएल-1 हे प्रथिन झिजत जातं आणि त्याची भरपाई होत नाही. मग कॅस्पेस ही मृत्यूची विकरं जागी होऊ लागतात, पण अर्धवट. पेशी मरावी एवढा त्यांचा जोर नसतो. डीएनए कापणारं एक विकर एरवी बांधून ठेवलेलं असतं, त्याची बेडी मात्र तेवढ्यानेही सुटते. 2012 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हे दाखवलं, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे: औषध गुणसूत्र कापत नाही, अडकून पडलेली पेशी स्वतःच ते कापू लागते.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमधून आणखी एक गोष्ट पुढे आली. गुणसूत्रांच्या टोकांवर, म्हणजे टेलोमिअरवर, संरक्षक प्रथिनांचं आवरण असतं. पेशी खूप वेळ अडकली की त्यातलं टीआरएफ-2 हे प्रथिन निसटू लागतं, आणि उघडं पडलेलं टोक पेशीला तुटलेल्या डीएनएसारखं वाटतं.

अडकलेली पेशी मेली, तर केमोचं काम झालं. काही पेशी मात्र विभाजन पुरं न करताच त्यातून निसटतात. मग एकाच पेशीत दुप्पट गुणसूत्रं राहतात. एखादं गुणसूत्र मागे पडलं, तर त्याच्याभोवती वेगळं छोटं केंद्रक तयार होतं. त्या छोट्या केंद्रकात डीएनएची प्रत नीट बनत नाही आणि गुणसूत्राचा अक्षरशः चुरा होऊ शकतो. हे दाखवणारा बोस्टनमधला अभ्यासही 2012 चाच.

पूर्वी या औषधांना 'गुणसूत्रांची संख्या बिघडवणारी' म्हणत आणि 'गुणसूत्रं तोडणारी' औषधं वेगळी धरत. चाचणीच्या सोयीसाठी ही विभागणी अजून उपयोगाची आहे. पण संख्येचा बिघाड पुढे तुटण्यापर्यंत पोहोचू शकतो, हे आता कळलं आहे.

म्हणून औषध घेऊ नये का? असं मी कधीच म्हणणार नाही. निरोगी पेशीजवळ यावर एक राखण आहे. विभाजनाला नेहमीपेक्षा फार वेळ लागला तर तिच्या लेकपेशी पुढे वाढणंच थांबवतात, आणि यात पी-53 या प्रथिनाचा मोठा वाटा असतो. कितीतरी कर्करोगांत नेमकं हेच प्रथिन निकामी झालेलं असतं. शिवाय 2014 मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं, की गाठीत पोहोचणारं पॅक्लिटॅक्सेल पेशींना फार वेळ अडकवण्याइतकं नसतंच. पेशी विभागतात, पण दोनऐवजी तीन-चार दिशांना गुणसूत्रं ओढली जातात आणि वाटणीच चुकते. म्हणजे ज्या बिघाडाची तुम्हाला भीती वाटते, गाठ मारण्याचं काम बऱ्याच अंशी तोच करतो.

मात्रेचा मुद्दाही मोठा आहे. एका पेशीत ट्युब्युलिनचे असंख्य रेणू असतात; त्यातले थोडे अडले तरी तुर्कतंतूंचं काम चालतं. गाउट या सांध्यांच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली कोल्चिसिनची छोटी गोळी आणि प्रयोगशाळेतला डोस यांची तुलना करून घाबरू नका. मात्र कोल्चिसिन असलेला कळलावीचा कंद घरगुती औषध म्हणून कुणी दिला, तर तोंडातही घालू नका. त्याने माणसं दगावतात.

राहिला मुलांचा प्रश्न. तो लोक सगळ्यात शेवटी आणि हळू आवाजात विचारतात. रक्तातल्या किंवा आतड्यातल्या पेशीत झालेली मोडतोड बाळाकडे जात नाही. शुक्राणू आणि बीजांडांचं तसं नाही, म्हणून उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. किती महिने, ते औषधावर अवलंबून असतं. पुढे मूल हवं असेल तर शुक्राणू किंवा बीजांडं गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि ते पहिल्या सलाइनच्या आधी विचारा.