मारा नदीच्या काठी साडेतीन तास

केनियातल्या नैरोबीहून मसाई मारा अभयारण्य, गाडीने पाच-सहा तास. रिफ्ट व्हॅलीचा घाट, दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन युद्धकैद्यांनी बांधलेलं इवलंसं चर्च, नारोकला चहा. पहिल्या दिवशी सिंह, हत्ती, जिराफ सगळे दिसले. फोटो आहेत, घरी आलात तर दाखवीन. मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

ऑगस्टमध्ये शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून गवताच्या मागावर वाइल्डबीस्टचे, म्हणजे गाईसारख्या दिसणाऱ्या दाढीवाल्या हरणांचे, कळप मारात येतात. वाटेत मारा नदी आडवी येते आणि नदीत मगरी. ते नदी ओलांडतात तेवढं बघायला जगभरातून माणसं येतात. आम्हीही. दहा वाजता काठापासून लांब, झुडपांआड गाडी लावली. पहिली जनावरं पाण्यात उतरेपर्यंत पुढे जायचं नाही, असा दंडक. खाली उतरायलाही मनाई. पाणी कमी प्या, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं आणि गाडीत बसल्या बसल्या अख्खी बाटली मीच संपवली. पुढचं सांगत नाही.

कळप काठावर यायचा, थबकायचा, मागे फिरायचा. पुढच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, यांना पलीकडे जायचंय की नाही, एकदा विचारा तरी." बाराच्या सुमारास चिवडा संपला. दीड वाजता दहा-बारा झेब्रे उतारावर आले, त्यांच्यामागे न्युंबू. वाइल्डबीस्टला स्वाहिलीत हेच म्हणतात. सगळ्यात पुढच्याने मान खाली घालून पाणी हुंगलं. त्याचे पुढचे खूर ओल्या मातीत घसरले, त्याने ते सावरले. नाकपुड्या फुगलेल्या, दाढीला चिखल. मागून हजारेक जणांचा रेटा आणि ते सततचं 'हूं... हूं...'.

तेवढ्यात वायरलेस खरखरला आणि सगळ्या गाड्या एकदम सुटल्या. तीस तरी असतील. धूळच धूळ. एक गाडी थेट उताराच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. पुढच्या न्युंबूने मान वर केली, गर्रकन वळला, आणि त्याच्यामागे अख्खा कळप उधळला. पाच मिनिटांत काठ रिकामा.

ती गाडी आमची होती.

सासूबाई तेवढ्या ओरडत होत्या, "बाळा, गाडी मागे घे, गाडी मागे!" स्वाहिलीतही गाडीला 'गारी'च म्हणतात, ड्रायव्हरला तेवढं कळलं असणार. पण मागच्या पाच जणांनी त्याला चारी बाजूंनी पुढे ढोसलं होतं. बिचाऱ्याने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात ठेवून नुसता बसून राहिला. शेजारच्या गाडीतल्या बाईंनी आमच्याकडे जसं पाहिलं, तसं मला आजवर कुणी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी लॉजवर मी तावातावाने सांगत सुटले होते. दिवसाचे माणशी २०० डॉलर प्रवेश फी घेतात आणि गाड्यांना शिस्त लावत नाहीत म्हणजे काय! दीर मान हलवत होते. जाऊबाई म्हणाल्या, आपल्या ड्रायव्हरलाच घाई. पुतण्याने मुकाट्याने मोबाइल पुढे केला. व्हिडिओत धूळ, धक्के, सासूबाईंचा आरडाओरडा, आणि त्यावर चढलेला माझा आवाज: "अहो, सांगा ना त्याला, पुढे घे म्हणावं! दोनशे डॉलर दिलेत!"

सासूबाईंनी तो घरच्या ग्रुपवर टाकलाय.