तुम्ही विचारलंत म्हणून: रिमोटची गाडी उलटंन का?

फौजेच्या सिग्नल्समधून, म्हणजे संदेश-दळणवळणाच्या विभागातून, रिटायर होऊन गावी आलो, आता कपाशी करतो. पुलगावचा दारूगोळा डेपो जवळ, त्यामुळे आमच्या पारावर युद्धाच्या बातम्या जरा जास्तच चघळतात. प्रश्न ठरलेला: "काका, बिनामाणसाची रणगाडी दुश्मनानं हॅक केली, तं आपल्यावरच उलटंन का?"

उलटू शकते. पण त्याआधी ती नुसती बहिरी होते, आणि मला धास्ती त्याचीच. रशियानं सीरियात 'उरान-९' ही बिनामाणसाची रणगाडी उतरवली. कागदावर पल्ला कित्येक किलोमीटर. घरांच्या आड ३०० ते ५०० मीटरवरच हुकूम पोहोचेना. १७ वेळा संपर्क मिनिटभर तुटला, दोनदा तर दीड तासापर्यंत. २०१८ मध्ये हे रशियन तज्ज्ञांनीच सांगितलं.

माझ्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर आहे. मिस कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद. विहीर नाल्याकाठच्या खोलगटात. हरभऱ्याला पाणी सोडलं त्या रात्री रेंज गेली. टॉर्च घेऊन पोहोचलो तोवर विहीर आटलेली, मोटर कोरडीच घुमत होती. हुकूम आला नाही तर काय करायचं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. फौजी गाडीला ते आधीच सांगून ठेवावं लागतं. थांब म्हणावं, तर शत्रू उचलून नेतो. परत ये म्हणावं, तर जीपीएस लागतो, आणि त्याचाही खोटा सिग्नल सोडता येतो.

हॅकचं म्हणाल, तर माझा पहिला स्टार्टर कुणाच्याही कॉलवर चालायचा. एकदा लोनवाल्या बाईच्या फोननं भरदुपारी मोटर सुरू झाली! अमेरिकेचंही तसंच काहीसं झालं. इराकमध्ये प्रिडेटर ड्रोनचा व्हिडिओ कुलूप न लावताच येत होता. २६ डॉलरच्या सॉफ्टवेअरवर बंडखोर तो बघत बसायचे. २००९ मध्ये हे बाहेर आलं. ड्रोन मात्र त्यांच्या हाती गेलं नव्हतं.

मग वायर? दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा 'गोलियाथ', म्हणजे स्फोटकं भरलेली छोटी बिनामाणसाची गाडी, वायरवरच चालायचा. १९४४ मध्ये वॉर्सात पोलिश पोरं सरपटत जाऊन ती वायर तोडायची. आता युक्रेनमध्ये ड्रोन पुन्हा केसाएवढी फायबर सोडत उडतात. तिच्यावर सिग्नल अडवणारा जामर चालत नाही, पण झाडाझुडपात ती अडकते.

हे ऐकून पारावरचे एक आजोबा म्हणाले, "म्हंजे आपलं बटनच बरं." त्यांच्या विहिरीवर अजून बटनच आहे. रात्री दोनला लाईन आली की काठी घेऊन तेच जातात.