मारबत, तान्हा पोळा आणि विक्रमचा पाय

शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

सकाळी नागपुरात मारबतीची मिरवणूक (इडा-पीडा घेऊन जाणारे पुतळे गावाबाहेर नेतात ती), संध्याकाळी मुलांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा, आणि आजच राष्ट्रीय अंतराळ दिन. चांद्रयान-३चा लँडर, म्हणजे उतरणारं यान, विक्रम चंद्रावर उतरला त्याला दोन वर्षं झाली.

भाच्याने लाकडी नंदीच्या गाडीवर पुठ्ठ्याचा लँडर बसवला होता. बोजारा (पोळ्याची खुशाली) मागत चार घरं फिरेपर्यंत त्याचा एक पाय निखळला. "आत्या, खरा विक्रमही पडला होता ना?"

हो रे, पहिला, चांद्रयान-२चा, पडला होता. ७ सप्टेंबर २०१९. घरात गणपती, मध्यरात्र उलटून गेलेली, सगळे टीव्हीसमोर. २.१ किलोमीटर उंचीपर्यंत सगळं ठीक, मग संपर्कच तुटला. बाबा उठून देवासमोर जाऊन बसले. मला रडू आवरेना.

त्या वेळी लोकांनी शास्त्रज्ञांना धीर दिला, त्याचा अभिमान वाटतोच. पण माझा विश्वास बसला तो नंतर, इस्रोच्या प्रमुखांनी चूक उलगडून सांगितली तेव्हा. पाच इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर लावला, चुका साचत गेल्या, आणि सॉफ्टवेअरच्या मर्यादेमुळे यान हवं तेवढ्या झपाट्याने वळेना. त्यात उतरायची जागा जेमतेम ५०० बाय ५०० मीटर! चांद्रयान-३ला ती ४ बाय २.४ किलोमीटर दिली. पाय बळकट केले, इंधन वाढवलं, वेग मोजायला लेझरचं नवं उपकरण बसवलं. काय काय बिघडू शकतं हे आधी धरूनच सगळं रचलं.

शेजारचे काका म्हणाले, "गल्लीतले गड्डे बुजत नाही, अन् चंद्रावर काऊन जाऊन राहिले?" त्यांचं गड्ड्यांचं दुखणं खरं आहे. पण चांद्रयान-३चा खर्च सुमारे ६१५ कोटी, म्हणजे माणशी साडेचार रुपयेही नाहीत. तेवढ्यात गड्डेही बुजले नसते, काका.

सकाळी इतवारीत सगळे ओरडत होते, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" यानातली चूक मात्र अशी गावाबाहेर घालवून चालत नाही, ती घरात ठेवून उलगडावी लागते. यंदा १८ मे रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा बिघडला आणि उपग्रह गेला. त्याचंही कारण आम्हाला तसंच नीट सांगावं, एवढीच माझी मागणी.

आज अमावास्या, चंद्र नाही. भाच्याने पुठ्ठ्याच्या पायाला आइस्क्रीमच्या दोन काड्या बांधल्यात. उद्या जिन्यावरून सोडून बघणार आहे, आधी तिसऱ्या पायरीवरून.