ग्लास, ताट आणि थर्मामीटर: सहा बैठकींची नोंद

आधीच्या वहीत नुसत्या वाइनच्या बाटल्या होत्या: नाव, साल, प्रदेश, आवडली की नाही. अशा नोंदीचा पुढच्या वेळी फारसा उपयोग होत नाही. तीच वाइन वेगळ्या तापमानाला आणि वेगळ्या पदार्थाबरोबर ओळखू येणार नाही इतकी बदलते. म्हणून या सहा बैठकींत नावाच्या आधी तीन गोष्टी लिहिल्या: ग्लासातलं तापमान, अल्कोहोलचं प्रमाण, आणि समोरच्या पदार्थात खारट, आंबट, गोड, तिखट यांपैकी काय ठळक आहे. आतापर्यंतचा कौल स्पष्ट आहे. मोठ्या नावाची बाटली शोधण्यापेक्षा तापमान आणि पाणी ताब्यात ठेवलं तर बैठक जास्त रंगते.

मांडणी

सहा माणसं, सगळ्यांना एकाच आकाराचे ग्लास. चाखण्यासाठीचा आयएसओ ग्लास (मानक 3591, साल 1977) काठोकाठ 215 मिलीचा असतो आणि त्याचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं. त्यात 50 मिली ओतली की ग्लास फिरवायला जागा राहते आणि वास वर साठतो. 750 मिलीची बाटली सहा जणांत अशी वाटली: आधी कोरी चाखायला प्रत्येकी 50, मग पदार्थांबरोबर प्रत्येकी 75. सुरुवातीलाच 125 मिली ओतली तर तुलनेसाठी थेंबही उरत नाही.

ग्लासांबद्दल एकच सूचना: कपाटात उलटे ठेवू नका, आत कोंडलेल्या हवेचा वास धरतात. साबणाचा अंश राहिला तर फेसाळ वाइनचे बुडबुडे विरतात. वापरण्याआधी नुसत्या गरम पाण्याने विसळून धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसायचे. बाकी साहित्य थोडंच: सळईचा डिजिटल थर्मामीटर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, 5 मिलीपासून खुणा असलेलं माप.

बाटल्या अर्धा तास आधी उघडून एकाने वास घेऊन ठेवायचा. ओल्या पुठ्ठ्यासारखा किंवा बंद तळघरासारखा कोंदट वास आला, तर बुचातून टीसीए हे वाइन नासवणारं संयुग उतरलंय. ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम असलं तरी नाकाला कळतं. कमी असेल तेव्हा वास येत नाही, पण फळाचा गंध नाहीसा होतो आणि वाइन मुकी वाटते. ती हवेत ठेवून सुधारत नाही. एक बाटली जादा हवी ती याचसाठी.

तापमान

धरलेले आकडे: फेसाळ आणि गोड वाइन 6 ते 8 अंश, हलकी पांढरी 7 ते 10, लाकडी पिंपात मुरलेली भरदार पांढरी 10 ते 13, हलकी लाल 13 च्या आसपास, भरदार लाल 15 ते 18.

सगळ्यात जास्त चुका लाल वाइनमध्ये होतात. ‘खोलीच्या तापमानाला’ हा सल्ला थंड दगडी घरांच्या काळातला आहे. 26 अंशांच्या खोलीतली लाल वाइन तशीच ओतली तर नाकाला पहिल्यांदा अल्कोहोल झोंबतं, फळ मागे पडतं, चव विस्कटते. तीच बाटली फ्रिजमध्ये तासभर ठेवून 17 ला आणली की आंबटपणा जागेवर येतो. उलटी चूकही तेवढीच वाईट. 10 अंशांवरची तुरट लाल वाइन जिभेवर खरखरीत लागते, कारण थंडीत तुरटपणा आणि कडवटपणा पुढे येतो. पांढरी वाइन 4 अंशांवर ठेवली तर वासच उघडत नाही. म्हणजे वाइनमध्ये काही दोष असेल तर तो थंडीत लपतो, आणि चांगलेपणाही लपतो.

घाईत थंड करायची असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ. बाटली मानेपर्यंत बुडाली पाहिजे. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवेच्या पोकळ्या राहतात, म्हणून वेळ लागतो. मीठ-पाण्यात 25 वरून 10 अंशांवर यायला साधारण वीस मिनिटं, फ्रिजमध्ये दोन-तीन तास. मध्ये एकदा बाटली हलकेच आडवी करून परत उभी करायची, नाहीतर मानेतली वाइन कोमट राहते आणि पहिला ग्लास फसतो. फेसाळ वाइन मात्र हलवायची नाही. ओतताना हव्या त्या आकड्यापेक्षा दोन अंश थंड ओता. ग्लासात ती आपोआप वर चढते.

फेसाळ बाटलीत आत 5 ते 6 वातावरणांचा दाब असतो. तारेचे सहा अर्धे फेरे सोडवायचे, तार काढायची नाही, अंगठा बुचावरून हलवायचा नाही. बाटली 45 अंशांत तिरपी धरून बूच स्थिर ठेवायचं आणि बाटली फिरवायची. बूच उडालं तर बाटली पुरेशी थंड नव्हती असं समजा.

फरक खरा की भास?

दुसऱ्या बैठकीपासून त्रिकोणी चाचणी लावली. तीन ग्लास, दोनांत एकच वाइन, तिसऱ्यात तीच वाइन पण तीन अंश गरम. वेगळा कोणता ते प्रत्येकाने न बोलता कागदावर लिहायचं. निव्वळ अंदाजाने तिघांत एक जण बरोबर येतोच. नुसत्या अंदाजाने सहापैकी चौघं किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे 10 टक्के. पाच किंवा जास्त जण बरोबर येण्याची शक्यता 2 टक्क्यांखाली जाते. म्हणून वहीत ‘फरक आहे’ असं लिहायला पाच ही अट ठेवली. ओतणारा आणि वाढणारा वेगवेगळे हवेत, कारण चेहऱ्यावरून उत्तर फुटतं.

ताट

जेवणाआधी चार वाट्या मांडल्या: मीठ, लिंबाची फोड, साखरेचं पाणी, परतलेले मश्रूम. समोर एक आंबट पांढरी आणि एक तुरट लाल. आधी घोट, मग वाटीतला कण, मग परत घोट. वीस मिनिटांत जेवढं कळतं तेवढं जोड्यांचे तक्ते पाठ करून कळत नाही.

मिठानंतर लाल वाइन मऊ होते, तुरटपणा उतरतो. लिंबानंतर पांढरी वाइन कमी आंबट आणि जास्त फळदार लागते. पदार्थ वाइनपेक्षा आंबट असेल तर मात्र ती पाणचट होते. साखरेनंतर दोन्ही वाइन कडू आणि रुक्ष. म्हणून गोडाच्या पदार्थाबरोबर वाइन पदार्थाहून गोड असावी, यात सवलत नाही. मश्रूमनंतर लाल वाइनचा कडवटपणा चढतो, आणि उपाय त्याच ताटात आहे: चिमूटभर मीठ आणि दोन थेंब लिंबू. म्हणजे जोडी जमत नसेल तर बाटली बदलण्याआधी पदार्थाचं मीठ आणि आंबट पाहावं.

तुरट या रसाला मराठीत स्वतःचं नाव आहे हे आपलं भाग्य. टॅनिन म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून त्यांचा साका करतं, लाळेचं वंगण जातं आणि तोंड कोरडं ओढल्यासारखं होतं. मांस किंवा चीज समोर असेल तर टॅनिनला धरायला तिथली प्रथिनं मिळतात. भाजलेल्या मांसाबरोबर तरुण लाल वाइन गुळगुळीत लागते ती यामुळे.

माशाबरोबर लाल वाइन काही वेळा उग्र, हिंवस चव देते. यात दोष टॅनिनपेक्षा लोहाचा. 2009 मध्ये जपानी संशोधकांनी शिंपल्यांबरोबर लाल आणि पांढऱ्या वाइन चाखवून दाखवलं, की वाइनमधलं लोह वाढलं तशी ही चव वाढते. बाटलीवर लोहाचं प्रमाण लिहिलेलं नसतं, त्यामुळे एका घासावर एक घोट घेऊन पाहणं हाच मार्ग. तेलकट माशाला आम्ही थंड फिनो शेरी (अल्कोहोल घालून बळकट केलेली, गोड नसलेली स्पॅनिश पांढरी वाइन) लावली. 15 टक्के अल्कोहोल, टॅनिन जवळपास नाही, चवीला खारट भास. उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून आठवड्यात संपवायची.

तिखटाची नोंद सगळ्यात लांब झाली. मिरचीतलं कॅप्सेसिन मज्जातंतूवरच्या ज्या ग्राहकाला (रिसेप्टरला) चेतवतं तो एरवी साधारण 42 अंशांच्या उष्णतेला जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा 34 च्या आसपास उतरते, म्हणजे तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच आग वाटू लागते. म्हणून 14.5 टक्क्यांची लाल वाइन तिखटावर तेल ओतते. जर्मनीतल्या मोझेलची काबिनेट रीसलिंग ही हलकी पांढरी वाइन 8-9 टक्के अल्कोहोलची, थोडी गोड आणि भरपूर आंबट असते. तिखटाला इतकं चांगलं उत्तर आम्हाला दुसरं मिळालं नाही. लेबलावर ‘ट्रोकन’ असेल तर ती कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, तिखटाला नको. तसंच फेसाळ वाइनवर ‘एक्स्ट्रा ड्राय’ वाचून फसू नका. तिच्यात लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखर असते, तर ‘ब्रूट’मध्ये 12 च्या खाली.

व्हिस्की, जिन आणि पाणी

40 टक्क्यांचं मद्य जेवणाबरोबर जमत नाही, कारण जीभ बधिर होते. पण ते पाण्याने खाली आणता येतं. 46 टक्क्यांच्या 30 मिली व्हिस्कीत 5 मिली पाणी घातलं की 39, 15 घातलं की 31, बरोबरीने घातलं की 23 टक्के. धुरकट व्हिस्कीचा वास ज्या ग्वायाकॉलमुळे येतो, त्याचा कल कमी अल्कोहोलमध्ये पृष्ठभागाकडे राहतो, असं स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी 2017 मध्ये संगणकावर दाखवलं. नाकाचा अनुभव तोच. भरपूर चरबीच्या चीजबरोबर 23 टक्के उत्तम लागली. पाणी घातल्यावर व्हिस्की गढूळ दिसली तर घाबरू नका. गार करून न गाळलेल्या व्हिस्कीतले मेदाम्लांचे एस्टर पाण्यात विरघळत नाहीत, एवढंच.

जेवणभर पुरेल असं पेय म्हणजे हायबॉल: 40 टक्क्यांची व्हिस्की 30 मिली, सोडा 120 मिली, एकूण 8 टक्के. सोडा 2-3 अंशांवर हवा. कोमट सोडा बर्फावर पडला की वायू निघून जातो. कडेने ओता, चमचा एकदाच खालून वर उचला.

मार्टिनी (जिन आणि व्हर्मूथ ही वनस्पतींनी सुवासिक केलेली वाइन यांचं मिश्रण) आधी मिसळून ठेवण्यात पहिला डाव हुकला. 40 टक्क्यांची जिन 360 मिली, 18 टक्क्यांचा व्हर्मूथ 90 आणि पाणी 130 एकत्र केलं तर 28 टक्के होतात, आणि उणे 18 च्या फ्रीझरमध्ये त्याचा गोळा होतो. आता पाणी वगळून जिन-व्हर्मूथच (36 टक्के) फ्रीझरमध्ये ठेवतो आणि ओतताना 75 मिलीला 20 मिली बर्फगार पाणी घालतो.

मिल्क पंच, तिसरी खेप

बेंजामिन फ्रँकलिनने 1763 मध्ये जेम्स बोडॉइनला पाठवलेल्या पत्रात मिल्क पंचची, म्हणजे दूध फाडून निवळलेल्या मद्याच्या पेयाची, कृती आहे: सहा क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) ब्रँडी, 44 लिंबांच्या साली, तीन क्वार्ट उकळतं दूध. आमचं प्रमाण लहान. 40 टक्क्यांची रम 400 मिली, तीन लिंबांची पातळ साल (पांढरा भाग आला तर कडू होतं), रात्रभर मुरवून गाळून घ्या. 220 मिली उकळत्या पाण्यात 10 ग्रॅम काळा चहा पाच मिनिटं, गाळून 200 मिली, त्यात 80 ग्रॅम साखर. गार झाल्यावर 100 मिली गाळलेला लिंबूरस आणि रम मिसळा. दुसऱ्या भांड्यात 200 मिली सायीचं दूध 60 अंशांपर्यंत तापवा.

फ्रँकलिन दूध पंचात ओततो. पहिल्या खेपेत तेच केलं: दूध आंबटात पडताच फाटून बारीक भुगा झाला आणि गाळणी तुंबली. दुधात पंच बारीक धारेने ओतला तर मोठ्या, सैल गुठळ्या होतात आणि त्याच पुढे गाळणीचं काम करतात. ढवळू नका, दोन तास राहू द्या. ओल्या कॉफी-फिल्टरमधून येणारी पहिली 150-200 मिली निवळी गढूळ असते, ती परत चोथ्यावर ओता. चोथा पिळायचा नाही, खरवडायचा नाही. फ्रिजमध्ये चार ते सहा तास लागतात. दुसऱ्या खेपेत घाईने चोथा दाबला आणि सगळं पुन्हा गढूळ झालं. निवळी स्वच्छ होत नसेल तर आंबट कमी पडलंय. 10 मिली लिंबूरस घालून तासभर थांबा.

दुधातलं केसिन हे प्रथिन चहातला तुरटपणा ओढून घेतं, म्हणून 17 टक्क्यांचं हे पेय तोंडात रेशमी लागतं. निवळीत दुधाची प्रथिनं उरतात. दूध न चालणाऱ्या पाहुण्याला आधी सांगायलाच हवं.

तिसरी खेप बाटलीत आहे, तळाशी किंचित साका बसलाय, वरचं नितळ. चौथ्या खेपेत चहाऐवजी 13 टक्क्यांची तुरट लाल वाइन 200 मिली घालायची आहे. अल्कोहोल 17-18 वर राहावं म्हणून रम 300 वर आणि लिंबूरस 80 वर उतरवलाय, साखर वाइनमध्ये गार असतानाच विरघळवायची. वाइनचा रंग बराचसा चोथ्याबरोबर जाईल; किती उरतो ते पाहण्यासाठी गाळण्याआधीचे 50 मिली बाजूला काढून ठेवणार आहोत.