जुन्या पोकलेनचे दात: तीन अडॅप्टर भरले, दोन नवे बसवले

कामाची सध्याची स्थिती आधी. २० टनी वर्गातल्या जुन्या पोकलेनची बकेट मशिनवरून उतरवलेली आहे. पाच दात, आणि दात ज्यांवर चढतात ते बकेटला वेल्ड केलेले अडॅप्टर जे-३५० जातीचे, म्हणजे पिन आडवी, बाजूने ठोकायची. मधले तीन अडॅप्टर वेल्डिंगने भरून वापरण्याजोगे निघाले. कडेचे दोन्ही कापून नवे लावले. कडेचेच आधी जातात, कारण खड्ड्याच्या भिंतीला तेच घासतात.

दात झिजलेला लांबूनही दिसतो. अडॅप्टरचं नाक, म्हणजे दाताच्या आत जाणारं टोक, झिजलेलं मात्र दाताखाली झाकलेलं राहतं, आणि नवा कोरा दात आठवड्यात का गळून पडला याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच सापडतं. नाक वायर ब्रशने लख्ख करायचं आणि नवा दात हाताने चढवायचा, घण न लावता. दात नाकाच्या टोकावर टेकला पाहिजे आणि दाताची मागची कड व अडॅप्टरचा खांदा यांत फट राहिली पाहिजे. फट मिटली असेल तर खोदण्याचा धक्का टोकाऐवजी दाताची पातळ मागची कड घेते आणि ती फाटते. मग दात वर-खाली हलवून बघायचा. पिनचं काम दात धरून ठेवण्याचं, खोदण्याचा जोर घेण्याचं नाही. दात डुलू लागला की तो जोर पिनवर येतो, पिन अडकवून धरणारा रिटेनर निकामी होतो आणि पिन बाहेर सरकते.

कडेच्या दोन्ही अडॅप्टरची पिनची भोकं अंडाकृती झाली होती. असं भोक भरून पुन्हा पाडत बसण्यात पैसेही जातात आणि अचूकताही मिळत नाही. ते सरळ बदलावेत.

मधल्या तिघांची भरणी अशी केली. ग्राइंडरने चकाकतं लोखंड दिसेपर्यंत घासलं, गॅसच्या ज्योतीने १५०–२०० अंशांपर्यंत तापवलं (तापमान ठरावीक अंशांना वितळणाऱ्या खास खडूने तपासायचं, अंदाजाने नाही) आणि ३.१५ मिमीच्या ७०१८ वेल्डिंग रॉडने सरळ, अरुंद बीड (वेल्डच्या रेघा) ओढल्या. नव्या अडॅप्टरवरून २ मिमी पत्र्याचा साचा कापून ठेवला होता, तो लावत लावत घासत आणलं. शेवटचा मिलिमीटर घाईत घासू नये. दाताच्या आत खडू चोळून दात चढवायचा, काढायचा, नाकावर खडू कुठे लागला ते बघायचं आणि तेवढंच घासायचं. टोकाच्या सपाट भागावर वर-खाली दोन्हीकडे खडू उमटला की थांबायचं.

नाकावर हार्डफेसिंग रॉड (झीज रोखणारा कडक थर देणारा) वापरायचा मोह अनेकांना होतो. ते करू नका. तो थर घासून मापात आणणं जिकिरीचं, शिवाय धक्क्याने तो तडकतो आणि दाताची आतली बाजू खातो.

आता कडेचे अडॅप्टर. गॅस कटरने कापताना लिपला, म्हणजे बकेटच्या तोंडाच्या जाड पट्टीला, लागून ५–६ मिमी जुनी वेल्ड मुद्दाम ठेवली आणि ती ग्राइंडरने उतरवली. कटरची एक खाच लिपमध्ये पडली की पुढची चीर तिथूनच सुरू होते. लिप ४० मिमी जाड, तिला अडॅप्टरइतकंच तापवावं लागतं. नाहीतर जाड पत्रा वेल्डची उष्णता झटकन ओढून घेतो आणि वेल्डलगतचा भाग कडक, ठिसूळ होतो. जुन्या अडॅप्टरांच्या टोकांना दोरी लावून नव्यांची रेषा आणि कोन जुळवला, मग टॅक (जागा धरणारे छोटे वेल्ड) मारले. वेल्डचा एक पास अडॅप्टरच्या लिपवरच्या पायाला, एक लिपखालच्या, मग पलीकडच्या अडॅप्टरला, असं आलटून-पालटून. एकाच बाजूने भरत गेलं की अडॅप्टर त्या बाजूला ओढला जातो. लिपच्या पुढच्या कडेपासून साधारण २५ मिमी अलीकडे वेल्ड थांबवली. ताण सर्वांत जास्त त्या कडेवर असतो, तिथे वेल्डचं टोक ठेवू नये.

रॉड ओव्हनमध्ये ३००–३५० अंशांवर दोन तास सुकवूनच घ्यावेत. कोकणातल्या पावसाळ्यात तर उघड्या पाकिटातला रॉड सरळ बाजूला टाकावा. ओलाव्यातून हायड्रोजन शिरतो आणि चीर दुसऱ्या दिवशी पडते, त्याच संध्याकाळी सगळं उत्तम दिसत असलं तरी. म्हणून वेल्ड कोरड्या वाळूखाली झाकून सावकाश गार होऊ दिली आणि डाय पेनेट्रंटची (चिरेत शिरणाऱ्या लाल रंगाने चीर शोधण्याची) तपासणी दुसऱ्या दिवशी केली. पांढऱ्या डेव्हलपरवर लाल रेघ उमटली नाही.

बकेट मशिनवरच ठेवून वेल्डिंग करणार असाल तर बॅटरीची टर्मिनलं काढा आणि अर्थिंग क्लॅम्प बकेटलाच लावा. चेसिसला लावला तर करंट बकेटच्या पिन-बुशमधून आणि मशिनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या स्ल्यू बेअरिंगमधून जातो.

दोरखंडावर चालणारी जुनी शॉवेल असेल तर यातलं बरंचसं उलटं करावं लागतं. तिचे दात बऱ्याचदा मँगनीज स्टीलचे, हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेल्या जातीचे, ११–१४ टक्के मँगनीज असलेले. चुंबक चिकटत नसेल तर तेच समजा. ते तापवायचे नाहीत. २६० अंशांच्या वर गेले की ठिसूळ होतात, म्हणून छोटी बीड, मग थांबणं.

दात चढवताना रिटेनर अडॅप्टरच्या खळग्यात आधी बसवला, थोडं सिलिकॉन लावून, म्हणजे दात सरकवताना तो पडत नाही. पिन रिटेनरच्या विरुद्ध बाजूने ठोकायची आणि काढताना रिटेनरच्या बाजूने. मधे पितळी ड्रिफ्ट (ठोकायचा दांडा) धरा, चष्मा लावा. कडक पिनवर कडक घण पडला की उडणारी कपची डोळ्यात जाते.

जुन्या दातांपैकी दोन हार्डफेसिंगसाठी बाजूला काढले आहेत. कातळात चालवायचे तर बीड दाताच्या लांबीला समांतर, दगड वरून घसरत जावा म्हणून. रेताड मातीत आडव्या, म्हणजे मधे माती अडकते आणि मातीवर माती घासते. दोनपेक्षा जास्त थर दिले की कपच्या निघतात. बीडवर आडव्या बारीक भेगा दिसल्या तर घाबरू नका, क्रोमियम कार्बाइडच्या रॉडला त्या पडतातच.

पहिल्या आठ-दहा तासांच्या खोदाईनंतर पाचही पिना पुन्हा बघायच्या. दातांचा खालचा भाग निम्मा झिजला की दात उलटवून बसवायचे आणि कडेचे दात मधे आणायचे. बकेटच्या बाजूंचे साइड कटर आणि तळाच्या पट्ट्या अजून बाकी आहेत.